मेटलचा गिटार टोन: स्पीकरसमोर माइक नेमका कुठे?

ध्वनिवेडा

नमस्कार मंडळी,

पुण्यात छोट्या बँडांचं रेकॉर्डिंग करतो, त्यात हेवी मेटलवाले जास्त. डेमो घेऊन येणाऱ्या पोरांची तक्रार ठरलेली असते: खोलीत ॲम्प जबरदस्त वाजतो, रेकॉर्ड केलं की गिटार भणभणते. मग प्लगइन उघडून ईक्यूमध्ये, म्हणजे खालचे-वरचे सूर कमी-जास्त करण्यात, रात्र घालवतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ही तक्रार बहुतेक वेळा माइकच्या जागेची असते आणि ती माइक हलवूनच सुटते. ईक्यू त्यानंतर.

आधी कारण बघू. आपण ॲम्पसमोर उभे राहतो तेव्हा कान पाच-साडेपाच फुटांवर असतात आणि स्पीकर गुडघ्यापाशी. बारा इंची स्पीकर खालचे सूर चहूकडे पसरवतो, पण ट्रेबल सरळ समोर झोतासारखी फेकतो. तो झोत आपल्या मांड्यांवर आदळतो, कानांपर्यंत येतच नाही. म्हणून आपण ट्रेबल वाढवतो, प्रेझेन्स वाढवतो, आणि मग माइक नेमका त्या झोताच्या तोंडाशी ठेवतो. त्याने जे ऐकलं तेच तो सांगतो. म्हणून ॲम्पची बटणं खोलीत उभं राहून लावू नका. माइकमधून येणारा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकत लावा, आणि ॲम्पपाशी एका मित्राला बसवा.

कार्यक्रमात ठेवता त्यापेक्षा गेन (आवाज किती फाटवायचा ते, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा) कमी ठेवा. मेटलमध्ये एकच रिफ (सुरांचा पुन्हा-पुन्हा येणारा तुकडा) दोनदा वाजवून एक टेक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे टाकतात. दोन्ही मिळून डिस्टॉर्शन आपोआप दाट होतं. एकाच ट्रॅकवर ते गच्च भरलं असेल तर पिकचा टोला हरवतो आणि दोन्ही बाजूंना नुसता गोंगाट उरतो. ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर लावा: ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. हा पेडल इथे डिस्टॉर्शनसाठी नाही. साधारण ७२० हर्ट्झच्या खालचं तो उतरवतो, त्यामुळे ॲम्पच्या डिस्टॉर्शनमध्ये बेसचा चिखल शिरत नाही आणि पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून मारलेले टोले) सुटे-सुटे ऐकू येतात. पीव्ही ५१५० किंवा मेसाचा ड्युअल रेक्टिफायर यांसारख्या दणकट ॲम्पांपुढे तर फरक लगेच कळतो.

आता कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी. चार स्पीकरचं, मागून बंद असेल तर चारही स्पीकर ऐका. एकाच मॉडेलचे असले तरी सारखे वाजत नाहीत. काही कॅबिनेटांत मुद्दाम दोन जातींचे स्पीकर तिरपे बसवलेले असतात. मेटलच्या रेकॉर्डिंगमध्ये सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० सर्वाधिक सापडेल. नावात ३० असलं तरी तो ६० वॅटचा आहे. वरच्या मिडमध्ये तो पुढे येतो, त्यामुळे ड्रम आणि बेसच्या गर्दीतही गिटार दिसते. जमिनीवरून परतणारा आवाज टाळायचा तर वरच्या दोघांपैकी एक निवडा, किंवा कॅबिनेट खुर्चीवर चढवा.

जाळीच्या कापडामागे स्पीकर कुठे आहे ते दिसत नाही, तेव्हा मोबाइलचा टॉर्च कापडाला टेकवा. मधली गोल डस्ट कॅप आणि तिच्या बाहेरचा कागद स्पष्ट दिसतो. डस्ट कॅपची कड कागदाला जिथे चिकटते तिथे कागदी टेपचा छोटा तुकडा लावा. आपलं सगळं काम या कडेच्या आसपासच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये आहे. मध्यावर माइक ठेवलात तर आवाज धारदार आणि टोचणारा. कागदाकडे सरकलात तर जाड, गडद, आणि फारच सरकलात तर गिटार रजईखाली गेल्यासारखी.

जागा शोधायला रिफ वाजवायचीसुद्धा गरज नाही. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा, ॲम्पचा गेन तसाच राहू द्या. स्पीकरमधून जो हिस येतो तो हेडफोनमध्ये ऐकत माइक हळूहळू सरकवा. मध्यावर तो ‘स्स्स’ असा असतो, कडेवर ‘श्श्श’ होतो, आणखी बाहेर गेलात की ‘हूऽऽ’. ‘स्स्स’ नुकताच ‘श्श्श’ होतो तिथे थांबा. मग रिफ वाजवा आणि तिथून करंगळीच्या रुंदीएवढं इकडे-तिकडे करा. एवढ्याशा हालचालीने जे बदलतं ते ईक्यूच्या चार पट्ट्यांना जमत नाही. स्पीकरला कान लावून मात्र कुणी जागा शोधू नका, बंद गेनवरसुद्धा नाही. कान गेला तर परत येत नाही.

अंतर म्हणाल तर माइक जाळीला जवळजवळ टेकलेला ते पाच सेंटिमीटर, एवढंच. जवळ नेला की बेस फुगतो, मागे घेतला की सडसडीत होतो. पाम म्यूटला दणका कमी वाटला तर ॲम्पचा बेस फिरवण्याआधी माइक जवळ नेऊन बघा.

कोणता माइक? शुअर एसएम ५७. १९६५ पासून तो बाजारात आहे आणि मेटलच्या गिटारवर अजून हाच पहिला माइक असतो. ४ ते ६ किलोहर्ट्झच्या आसपास त्याचा उठाव आहे आणि डिस्टॉर्शनवाल्या गिटारची कडही तिथेच असते. महाग माइक नंतर घ्या.

तुमच्याकडे काय लावता, कसं लावता ते लिहा. फोटो टाकलेत तर उत्तम.

सातवी_तार

दादा, धागा वाचनखूण करून ठेवला. माझी गिटार सात तारांची, खालची तार बी. ५७ कडेवर लावला तरी खालचं सगळं एकमेकांत मिसळतं. पाम म्यूट केलं की ‘धब्’ येतो, सूर कळत नाही. माइकची जागा चुकतेय की ॲम्प?

ध्वनिवेडा

कदाचित दोन्ही नाही. खालचा बी ६१.७ हर्ट्झवर आहे. तिथे गिटारने भांडण करण्यात अर्थ नाही, ती जागा बेस गिटारची आणि बेस ड्रमची. मिक्समध्ये गिटारला ८० ते १०० हर्ट्झच्या खाली हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावा. एकटी ऐकलीत तर बारीक वाटेल, बेससोबत ऐका. मेटलमध्ये आपण ज्याला ‘जाड गिटार’ म्हणतो त्यातला निम्मा जाडपणा बेस गिटारचा असतो. बेसवाला तोच रिफ त्याच टोल्याने वाजवतोय का ते आधी तपासा.

‘धब्’ मात्र खराच प्रश्न आहे. पाम म्यूट करताना साधारण १०० ते २५० हर्ट्झमध्ये एकदम उसळी येते आणि उघडा कॉर्ड वाजवताना ती नसते. तिथे ईक्यूने कापलंत तर उघडे कॉर्ड पोकळ होतात. त्या पट्ट्यापुरता मल्टिबँड कॉम्प्रेसर लावा, म्हणजे उसळी आली की तेवढीच दाबली जाते.

आणि तारा नव्या आहेत ना? जुनी जाड तार सूर धरत नाही. प्रत्येक टेकच्या आधी ट्यूनर बघायचा. डाव्या आणि उजव्या टेकमध्ये किंचित फरक असला की उघड्या कॉर्डवर तो डगमगतो, आणि त्यावर मागाहून इलाज नाही.

संगणकी_गिटार

लेख चांगला आहे, पण थोडं वेगळं मत मांडतो. आज एवढा खटाटोप कशाला? न्यूरल ॲम्प मॉडेलर हे ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, स्पीकर-माइकची नक्कल करणाऱ्या फायली) ढिगाने मिळतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने चार स्पीकरचं कॅबिनेट ठेवायचं कुठे आणि वाजवायचं कधी? मी रात्री दोन वाजता हेडफोनवर पूर्ण गाणं रेकॉर्ड करतो, खालच्या मजल्यावरच्या आजींची झोपही मोडत नाही. आणि खरं सांगा, तयार गाण्यात ऐकणाऱ्याला फरक कळतो का?

ध्वनिवेडा

बहुतेक ऐकणाऱ्यांना कळत नाही, हे मान्य. चांगला आयआर वाईट ठेवलेल्या माइकपेक्षा केव्हाही चांगला. मीही गरज पडली की वापरतो.

पण आयआर म्हणजे काय? कुणीतरी एका स्पीकरसमोर, एका जागी, एक माइक ठेवला, त्यातून सगळे सूर सरकवत नेणारा सिग्नल वाजवला, आणि त्या जागेची ध्वनीची नोंद घेतली. म्हणजे माइक कुठे ठेवायचा हा निर्णय झालेलाच आहे, फक्त तुमच्या वतीने दुसऱ्याने घेतलाय. ‘कॅप एज, १ इंच’ असं फाइलच्या नावात लिहिलेलं असतं ते हेच. ज्याने एकदा हाताने माइक सरकवून ऐकलंय त्याला शंभर फायलींमधली हवी ती पटकन सापडते. बाकीचे दिवसभर क्लिक करत राहतात. मी शिकवतोय ते कॅबिनेटवाल्यांइतकंच तुमच्याही कामाचं आहे.

दुसरं, स्पीकरवर जोर पडला की कागद आणि कॉइल थोडं दबतात, टोल्याची कड गोल होते. आयआर ही स्थिर नोंद असते, तिच्यात हे येत नाही. आवाज मोठा असतानाच हा फरक पडतो. हळू आवाजात वाजवणार असाल तर खुशाल आयआर घ्या.

कर्वेनगरकर

संगणकी_गिटार यांना +१, सोसायटीच्या बाबतीत. माझ्याकडे १०० वॅटचा ट्यूब हेड (स्पीकर नसलेला, व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प) आहे, सेकंडहँड घेतला. मास्टर व्हॉल्यूम एकच्या वर नेता येत नाही. मित्र म्हणतो ५० वॅटचा घे, निम्मा आवाज होईल. खरं का? आणि स्पीकर न जोडता हेडमधून सरळ इंटरफेसमध्ये (कॉम्प्युटरला जोडायच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात) घेतलं तर चालेल का?

ध्वनिवेडा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात ॲम्प जळू शकतो. ट्यूब हेड कधीही स्पीकर किंवा लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ॲम्पचा भार घेणारा डबा) जोडल्याशिवाय वाजवू नका. भार नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि ती दुरुस्ती खिशाला चांगलीच महागात पडते. स्पीकर आउटपुट इंटरफेसला तर कधीच नाही. हेडवर ८ ओहम निवडलं असेल तर कॅबिनेटही ८ ओहमचं, आणि मधली केबल स्पीकरची हवी. गिटारची बारीक शील्डवाली केबल तिथे चालत नाही.

आता वॅटचं गणित. १०० वरून ५० वॅटवर आलात तर फक्त ३ डेसिबल कमी होतात, कानाला जेमतेम कळेल. आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे १० वॅटवर यावं लागेल. त्यामुळे नवं हेड घेण्यापेक्षा लोड बॉक्स घ्या आणि पुढे आयआर लावा. किंवा एक स्पीकरचं छोटं कॅबिनेट कपाटात, गाद्यांमध्ये, माइकसकट कोंडा. अगदी जवळ लावलेल्या माइकला खोली फारशी ऐकू येत नाही, त्यामुळे कपाट चालतं. दार मात्र घट्ट लागायला हवं. आणि ट्यूब हेड कपाटाबाहेर ठेवा, ते तापतं.

मृण्मयी_ठाणे

छान चर्चा. मी लाइव्ह आणि स्टुडिओ दोन्ही करते, माझ्याकडून थोडी भर.

५७ सोबत रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) लावून बघा. रॉयर आर-१२१ हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. ५७ कड देतो, रिबन अंग देतो, दोन्ही फेडर वर-खाली करत टोन ठरवता येतो. रिबन नाजूक असतो. पॅसिव्ह रिबनला ४८ व्होल्टचं फँटम (केबलमधून माइकला जाणारी वीज) लागत नाही, आणि केबल किंवा पॅचबे सदोष असेल तर फँटमनेच रिबन जाऊ शकतो. म्हणून त्या चॅनेलचं फँटम आधी बंद, मग केबल. सेनहायझर एमडी ४२१ हाही जुना भरवशाचा पर्याय, पाम म्यूटला छान दणका देतो.

आपल्याकडचा खास मुद्दा म्हणजे पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-ठाण्यात कंडेन्सर माइक दमटपणाने तडतडायला लागतो. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. ५७ सारखा डायनॅमिक माइक याला फारशी दाद देत नाही, हेही त्याच्या लोकप्रियतेचं एक कारण मानते मी.

आणि नकली ५७ पासून सावध. बाजारात ढिगाने आहेत आणि बाहेरून ओळखू येत नाहीत. खऱ्याचं वजन साधारण २८४ ग्रॅम असतं. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा. फारच हलका निघाला तर परत करा.

ध्वनिवेडा

मृण्मयीताई, वजनाची युक्ती उत्तम. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना आता हेच सांगेन.

दोन माइकचा विषय निघालाच आहे तर फेजचं बोलायलाच हवं, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. दोन माइकांची स्पीकरपासूनची अंतरं वेगळी असली की एकाला आवाज उशिरा पोहोचतो, आणि दोन्ही मिसळले की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. अंतरात ५ सेंटिमीटरचा फरक असेल तर पहिला खड्डा साधारण ३.४ किलोहर्ट्झवर पडतो, म्हणजे गिटारच्या ऐन धारेवर. म्हणून दोन्ही कॅप्सूल स्पीकरपासून एकाच अंतरावर हवेत. माइकचं तोंड नव्हे, आतला कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारा भाग. रिबनमध्ये तो जाळीच्या बराच आत असतो.

मोजपट्टीपेक्षा कान बरा. एका चॅनेलची पोलॅरिटी (सिग्नलची दिशा) उलटी करा, दोन्ही फेडर सारखे ठेवा आणि एक माइक मिलिमीटरने पुढे-मागे करा. आवाज जिथे सर्वांत पोकळ, कागदासारखा पातळ होईल तिथे थांबा. मग पोलॅरिटी सरळ करा. आता दोन्ही माइक एकमेकांना पूर्ण साथ देताहेत. कॉम्प्युटरवरही ट्रॅक सरकवता येतो, पण ४८ किलोहर्ट्झवर एक सॅम्पल म्हणजे जवळपास ७ मिलिमीटर. हात त्याहून बारीक काम करतो.

उत्तरध्रुव

गोथेनबर्गमध्ये नोकरीला आहे, मूळचा सांगलीचा. फेजचा विषय आला आणि इथल्या पद्धतीचा उल्लेख नाही म्हणून लिहितो.

फ्रेडरिक नॉर्डस्ट्रॉम यांचा स्टुडिओ फ्रेडमन इथलाच. नव्वदच्या दशकात ॲट द गेट्स, इन फ्लेम्स, डार्क ट्रँक्विलिटी यांनी तिथे काम केलं आणि गोथेनबर्गचा मेलोडिक डेथ मेटल जगभर गेला. त्या स्टुडिओच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी: दोन ५७, दोन्ही एकाच स्पीकरवर, डोकी जवळजवळ चिकटलेली. एक सरळ डस्ट कॅपकडे बघतो, दुसरा साधारण ४५ अंशांत तिरपा. दोघेही स्पीकरपासून सारख्याच अंतरावर असल्याने फेजचा त्रास फारसा होत नाही. तिरप्याला ट्रेबल कमी ऐकू येते, म्हणून तो गडद असतो. सरळ माइक चिरकला की तिरपा वर घ्यायचा. कुठलाही ईक्यू न लावता फेडरवरच टोन बदलतो.

स्टॉकहोमचा टोन मात्र वेगळ्याच मुशीतला. तिथे सनलाइट स्टुडिओत टॉमस स्कॉग्सबर्ग यांनी एन्टूम्ड वगैरे बँड रेकॉर्ड केले, आणि बॉसच्या एचएम-२ पेडलची सगळी बटणं पूर्ण वर. करवतीसारखी गिटार. एकाच देशातल्या दोन शहरांचे दोन आवाज, अजूनही इथले लोक त्यावर तावातावाने वाद घालतात.

सातवी_तार

उत्तरध्रुव, एचएम-२ ला सुद्धा ५७ कडेवरच लावायचा का?

ध्वनिवेडा

त्याच्या आवाजात वरचा मिड इतका पुढे असतो की कडेच्या थोडं बाहेर, कागदावर लावून बघा. सुरुवात तिथून करा, मग हिस ऐकत आत या. आणि त्याच्याबरोबर ट्यूब स्क्रीमरची गरज नाही.

कर्वेनगरकर

लोड बॉक्स मागवला. अजून एक त्रास आहे: गिटार वाजवायची थांबवली की ‘घर्रर्र’ येतं. तारांना हात लावला की कमी होतं. ॲम्प सेकंडहँड आहे म्हणून असेल का?

मृण्मयी_ठाणे

आधी पंखा बंद करा! गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर तो गिटारच्या पिकअपमध्ये हमखास घर्रर्र आणतो, विशेषतः सिंगल कॉइलमध्ये. दिव्यांचे डिमरही तेच करतात. रेग्युलेटर पूर्ण वेगावर ठेवलात तरी बराच फरक पडेल. हात लावल्यावर कमी होतं म्हणजे गिटारला शील्डिंग कमी पडतंय, तेही बघून घ्या.

पंखा बंद करूनही गेलं नाही तर अर्थिंग तपासा. जुन्या इमारतीत तीन पिनचं सॉकेट असतं पण आत अर्थची वायरच नसते. इलेक्ट्रिशियन बोलावून मोजून घ्या. ट्यूब ॲम्पच्या बाबतीत तो जिवाचा प्रश्न आहे, नुसत्या आवाजाचा नाही. आणि अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

संगणकी_गिटार

पंख्याचा सल्ला मलाही उपयोगी. मॉडेलर असला तरी पिकअप तेच.

ध्वनिवेडा, तुमचा मुद्दा पटला. काल मित्राकडे त्याच्या कॅबिनेटवर हिस ऐकत ५७ सरकवून बघितला. मी वापरतो तो आयआर नेमका कॅपच्या मध्यावरचा आहे हे आता कानाला कळतंय. म्हणूनच मी दर गाण्यात ५ किलोहर्ट्झ कापत होतो. पण एक विचारतो: तुमच्या पद्धतीत टेक झाल्यावर टोन बदलावासा वाटला तर? आमच्याकडे एका क्लिकवर बदलतो.

ध्वनिवेडा

म्हणून प्रत्येक टेकसोबत डीआय, म्हणजे ॲम्पशिवायचा गिटारचा कोरडा सिग्नल, घ्यायचाच. गिटारचा सिग्नल डीआय बॉक्सने दोन वाटांनी न्यायचा, एक ॲम्पकडे, एक सरळ इंटरफेसकडे. ॲम्पवाला ट्रॅक नंतर आवडला नाही तर तोच कोरडा डीआय रीॲम्प बॉक्समधून परत ॲम्पमध्ये सोडायचा. वाजवणारा घरी गेला असला तरी चालतं, आणि मग तास-दोन तास माइक हवा तिथे सरकवत बसा. इंटरफेसचं आउटपुट सरळ ॲम्पच्या इनपुटला जोडलंत तर लेव्हल आणि इंपिडन्स जुळत नाही, म्हणून मध्ये रीॲम्प बॉक्स हवा. डीआय घेताना लेव्हल क्लिप होऊ देऊ नका, पाम म्यूटचे टोले जोरात येतात. सर्वांत जोराचा टोला उणे १० डेसिबलच्या आसपास राहील एवढी मोकळीक ठेवा.

सातवी_तार, तुमचाही डीआय असेल तर इथे टाका. माझ्याकडच्या व्हिंटेज ३० वर तो वाजवून कॅपचा मध्य, कड आणि कागद अशा तिन्ही जागांचे ट्रॅक एकाच लेव्हलला आणून परत देतो. बेसचा ट्रॅकही जोडा, त्याच्याशिवाय तुमच्या ‘धब्’चा निकाल लागणार नाही.